धक्क्यावरचे फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मासे धरणाऱ्याच्या गोष्टी आपण नेहमी थोडं कमी करून ऐकतो. वीतभर मासा सांगताना हातभर होतो, आणि मुळातच हातभर असेल तर तो होडीत मावत नव्हता अशी सुरुवात होते. कोकणातल्या खाडीकाठी काय किंवा जगाच्या दुसऱ्या टोकाला काय, हा नियम सगळीकडे सारखाच. त्यामुळे कॅमेरा आला तेव्हा हौसेनं गळ टाकणाऱ्या मंडळींना केवढा आनंद झाला असेल! आता बोलणं नको, वाद नको, हा घ्या फोटो.

गंमत अशी की, हा पुरावाही साधासुधा राहिला नाही. मासा कसा टांगायचा, माणसानं कुठं उभं राहायचं, हातात काय धरायचं, याचं एक शास्त्रच तयार झालं. आज मी त्या शास्त्राबद्दल बोलणार आहे. आणि मिरवण्यासाठी काढलेल्या अशा फोटोंच्या एका गठ्ठ्यानं पन्नास वर्षांनी भलतीच साक्ष कशी दिली, त्याबद्दलही.

सुरुवात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून करू. लॉस एंजेलिससमोर समुद्रात सांता कॅटलिना नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर अॅव्हलॉन हे छोटं गाव. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या लेखकानं १८९८ साली तिथं गळाच्या काठीवर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा टूना मासा पकडला. एवढा मोठा मासा जाळ्यात नव्हे, भाल्यानं नव्हे, तर हातातल्या काठीवर! त्याच वर्षी त्यानं तिथं 'टूना क्लब' स्थापन केला. पोटासाठी मासे धरणं वेगळं आणि खेळ म्हणून मासे धरणं वेगळं, हा फरक त्या क्लबनं नियमांत बांधला. काठी कशी हवी, दोरा किती जाडीचा हवा, सगळं ठरलेलं.

खेळ म्हटला की निकाल आला आणि निकाल आला की त्याची नोंद आली. ती नोंद म्हणजे फोटो. अॅव्हलॉनचे त्या काळातले फोटो एकमेकांसारखे दिसतात. किनाऱ्यावर लाकडी चौकट उभी केलेली. तिला दोरानं मासा टांगलेला. शेजारी कोट-टायमधला गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात काठी. बऱ्याच फोटोंवर पांढऱ्या अक्षरांत माशाचं वजन लिहिलेलं असतं. कोट घालून कुणी टूना पकडत नाही हे उघड आहे. साहेब बोटीवरून उतरून, हातपाय धुऊन, कपडे बदलून, मग फोटोला उभे राहिलेले असणार. म्हणजे फोटोतला क्षण हा मासा पकडल्याचा क्षण नव्हेच. तो नंतर, धक्क्यावर, मुद्दाम घडवलेला क्षण असतो.

आपल्याकडच्या शिकारीच्या फोटोंची इथं आठवण होते. संस्थानिक किंवा गोरा साहेब वाघाच्या देहावर पाय ठेवून, बंदूक उभी धरून बसलेला असायचा. पण वाघाला जमिनीवर निजवून चालतं, तसं माशाचं नाही. जमिनीवर पडलेला मासा म्हणजे बाजारातला मासा. तो मोठा दिसायला हवा तर उभा करायला हवा, आणि उभा करायचा तर टांगायला हवा. टांगलेला मासा माणसाच्या शेजारी आला की बघणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. तो मनातल्या मनात मोजतो : टोपीच्या वर किती, बुटाच्या खाली किती. माणूस हीच मोजपट्टी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

बाकीच्या युक्त्या अनुभवानं आल्या. रक्त धुऊन टाकायचं. अंगावर पाणी मारून खवले ओले ठेवायचे, म्हणजे चमक येते. उशीर करायचा नाही, कारण रंग उतरतात. माही-माही नावाचा समुद्रातला एक मासा आहे. जिवंत असताना सोनेरी, हिरवा, निळा असा झळाळतो. बाहेर काढल्यावर काही मिनिटांत राखाडी पडतो. घरातलं सर्वांत लहान पोर सर्वांत मोठ्या माशाशेजारी उभं करायचं. माणसानं माशाच्या किंचित मागं उभं राहायचं. मासा कॅमेऱ्याच्या जवळ, माणूस लांब, की झाला मासा सव्वापट. हातात मावणारा मासा असेल तर दोन्ही हात पुढं लांबवायचे. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तर ही कला घरोघरी पोचवली. मागच्या रविवारी एका स्नेह्यानं मला असाच एक फोटो दाखवला. मासा पाहून मी थक्क झालो. मग माझं लक्ष माशाच्या डोक्यामागून दिसणाऱ्या त्याच्या अंगठ्याकडं गेलं. अंगठा केळ्याएवढा दिसत होता!

काहींनी ही थाप उघडपणे, विनोद म्हणूनच केली. १९०८च्या सुमारास अमेरिकेत कॅन्ससमधला विल्यम मार्टिन आणि विस्कॉन्सिनमधला आल्फ्रेड जॉन्सन हे दोन फोटोग्राफर अशी पोस्टकार्डं काढू लागले. घोडागाडीएवढी कणसं, माणसाला होडीतून खाली ओढणारे मासे. दोन फोटो कापून, चिकटवून, पुन्हा त्याचा फोटो काढायचा. संगणक यायच्या सत्तर-ऐंशी वर्षं आधीची ही कारागिरी. लोक ती पोस्टकार्डं हौसेनं विकत घेत आणि नातेवाइकांना पाठवत. फसवलं जाण्यासाठी नव्हे, तर आमच्याकडं सगळं मोठंच असतं बरं का, हे सांगण्यासाठी.

पण खऱ्या हौशी मंडळींना विनोद नको होता, मान हवा होता. १९३०च्या दशकात या फोटोंचं सर्वांत प्रसिद्ध मॉडेल होतं अर्नेस्ट हेमिंग्वे. लेखक म्हणून तर तो गाजलेला होताच. अमेरिकेच्या अगदी दक्षिण टोकाला फ्लोरिडा राज्य आहे, त्याच्याही खाली समुद्रात बेटांची एक माळ आहे आणि त्या माळेच्या शेवटाला की वेस्ट हे गाव. तिथं त्याचं घर होतं. 'पिलार' नावाची त्याची बोट होती. जुलै १९३५ मधला बहामातल्या बिमिनी बेटावरचा त्याचा एक फोटो आजही सगळीकडं छापला जातो. धक्क्यावर चार मार्लिन मासे शेपटीला बांधून ओळीनं टांगलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर हेमिंग्वे, त्याची बायको आणि तीन मुलगे. एकेक मासा माणसाहून उंच. कुटुंबाचा फोटो स्टुडिओत काढतात, मागं पडदा असतो. या कुटुंबाच्या मागं माशांचा पडदा आहे.

१९३९ साली या छंदाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली आणि जागतिक विक्रम नोंदवण्याचे नियम ठरत गेले. तुमचा मासा विक्रमी आहे असा दावा करायचा तर आजही माशाचा पूर्ण लांबीचा फोटो, काठीचा फोटो, ज्या काट्यावर वजन केलं त्या काट्याचा फोटो आणि मासा धरणाऱ्याचा माशासह फोटो, असं सगळं द्यावं लागतं. एखाद्या जमिनीच्या व्यवहाराला लागावेत तेवढे कागद.

आता पुन्हा की वेस्टला येऊ, कारण माझी खरी गोष्ट तिथली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पर्यटन वाढलं. हेमिंग्वेसारखी स्वतःची बोट प्रत्येकाकडं कुठून असणार? मग की वेस्टमध्ये दिवसाच्या भाड्यानं बोटी मिळू लागल्या. सकाळी पैसे भरायचे, बोटीवर चढायचं, कप्तान मासे असतील तिथं नेणार, खलाशी गळाला आमिष लावून देणार, तुम्ही फक्त ओढायचं. संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की दिवसाचा शेवटचा कार्यक्रम. धक्क्यावर एक मोठा लाकडी फळा उभा असायचा. त्यावर हुक आणि वर बोटीचं नाव. खलाशी त्या दिवशीचे सर्वांत मोठे मासे निवडून हुकांना अडकवायचे. त्यांच्यासमोर पाहुणे उभे राहायचे : उन्हानं लाल झालेले चेहरे, चुरगळलेले शर्ट, पुढं मुलं. फोटोग्राफर फोटो काढायचा.

हा फोटो दोघांच्या कामाचा होता. पाहुण्याला घरी जाऊन दाखवायला आठवण मिळायची आणि बोटवाल्याला जाहिरात. संध्याकाळी धक्क्यावर फिरायला आलेला माणूस टांगलेले मासे बघायचा आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायचा. म्हणून फळ्यावर बोटीचं नाव ठळक, आणि म्हणूनच मासा उत्तमच हवा. वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी, त्याच धक्क्यावर, तसल्याच फळ्यासमोर हे चालू राहिलं. आपण काही इतिहास लिहितो आहोत असं त्यातल्या कुणाच्या मनातही नव्हतं.

यातले बरेच फोटो पुढं तिथल्या मन्रो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात येऊन पडले. ग्रंथालयांचं हे एक मोठं काम असतं. कुणाला काय उपयोगी पडेल हे माहीत नसताना जपून ठेवणं. आपल्याकडच्या किती जुन्या फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्ह काचा भंगारात गेल्या याचा विचार केला की जीव हळहळतो. असो.

लॉरेन मॅक्लेनाकन ही सागरी परिसंस्थांची अभ्यासक फ्लोरिडाच्या समुद्रात पूर्वी काय होतं याचा शोध घेत होती. अशा शोधात नेहमी एकच अडचण येते. समुद्राच्या पोटात काय होतं याची मोजदाद शास्त्रज्ञांनी सुरू केली ती फार उशिरा. त्याआधीचं काही समजून घ्यायचं तर जुनी पत्रं, प्रवासवर्णनं, हॉटेलांची मेन्यूकार्डं असलं काहीतरी धुंडाळावं लागतं. ग्रंथालयात हे फोटो तिच्या हाती लागले, आणि तिच्या लक्षात आलं की, हे नुसते पर्यटकांचे फोटो नाहीत, ही पन्नास वर्षांची मोजणी आहे. फक्त ती अजून कुणी वाचलेली नाही.

फळ्यांची मापं काढता येत होती, कारण फळे फारसे बदललेले नव्हते. फळ्याचं माप कळलं की फोटोतल्या माशाची लांबी काढता येते आणि लांबीवरून वजनाचा अंदाज बांधता येतो. २००७ साली ती स्वतः की वेस्टच्या धक्क्यावर गेली आणि तिनं तसेच फोटो काढले. १९५६ ते २००७ या काळातले एकूण १२७५ मासे तिनं मोजले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

त्यातले आकडे मी सावकाश सांगतो. १९५६च्या सुमारास फळ्यावरच्या एका माशाचं सरासरी वजन होतं १९.९ किलो. २००७ साली ते होतं २.३ किलो. जवळजवळ वीस किलोंवरून सव्वादोन किलोंवर.

मासेही बदलले होते. १९५०च्या दशकातल्या फोटोंत मोठमोठे हेकरू दिसतात. आपल्या किनाऱ्यावर हेकरू मिळतो त्याच कुळातले, पण तिकडची एक जात राक्षसी. पूर्ण वाढलेला मासा अडीच मीटरपर्यंत लांब आणि साडेतीनशे किलोंपर्यंत भरतो. त्यांच्या शेजारी जवळजवळ दोन-दोन मीटरचे शार्क. २००७च्या फळ्यावर मात्र तांबोशीच्या कुळातले छोटे मासे होते, सरासरी लांबी ३४ सेंटिमीटर. शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा किंचित जास्त. शार्कची लांबी निम्म्याहून कमी झालेली.

मी हे फोटो एकाशेजारी एक ठेवून पाहिले आहेत. पहिल्या फोटोत मासे जमिनीपर्यंत लोंबत आहेत, माणसं त्यांच्यात दबून गेल्यासारखी दिसतात. शेवटच्या फोटोत फळा तोच वाटतो, पण रिकामा वाटतो. हुकांना अडकवलेले मासे वाळत घातलेल्या रुमालांसारखे दिसतात. आणि माणसं? ती पहिल्या फोटोत जशी हसताहेत तशीच शेवटच्याही फोटोत हसताहेत. तितकीच खूश. बोटीचं भाडंसुद्धा, महागाई जमेस धरली तर, कमी झालेलं नव्हतं. एक दशांश मासा मिळाला म्हणून कुणी एक दशांश पैसे दिले नाहीत, आणि आपल्याला कमी मिळालं असं कुणाला वाटलंही नाही.

इथं एक शंका कुणीही घेईल. असल्या फोटोंवर विश्वास कसा ठेवायचा? हे तर मिरवण्यासाठी काढलेले फोटो. रोजच्या रोज काय मिळत होतं ते यात नाहीच, फक्त निवडक मासे आहेत. शंका रास्त आहे. पण थोडा विचार केला तर दिसतं की, याच कारणामुळे हे फोटो उपयोगी आहेत. १९५६ सालीही फळ्यावर दिवसातला सर्वोत्तम मासा टांगत होते आणि २००७ सालीही. बढाई दोन्ही वेळी होती आणि सारख्याच प्रकारची होती. जागा बदलली नाही, मांडणी बदलली नाही, मिरवण्याची इच्छा तर मुळीच बदलली नाही. तेव्हा फरक दिसतो तो फक्त माशांत. साधे, सहज काढलेले फोटो असते तर त्यांची अशी तुलना करता आली नसती. आज फळा आहे, उद्या नाही. आज जवळून काढला, उद्या लांबून. ठरावीक मांडणीच्या हट्टानं हे काम केलं.

दुसरीही एक शंका आहे. तो राक्षसी हेकरू पकडायला १९९० साली फ्लोरिडात बंदी आली. मग २००७च्या फळ्यावर तो दिसणार कसा? बरोबर आहे, काही वाटा या बंदीचाही आहे. पण बंदी घालण्याची वेळ आली तीच मासा दिसेनासा झाला म्हणून. आणि १९८०च्या आसपासच्या, म्हणजे बंदीच्या आधीच्या फोटोंतही मासे लहान झालेले स्पष्ट दिसतात. त्या बंदीचं फळ मिळालं. हेकरू हळूहळू परतला. २०२३ पासून तिथं सोडत काढून वर्षाला जास्तीत जास्त २०० लहान मासे धरायला परवानगी देऊ लागले. मोठ्या माशाला मात्र पाण्याबाहेर काढायचं नाही असा दंडक आहे. चुकून गळाला लागला तर लगेच सोडायचा. फोटो काढायचा असेल तर सोडता सोडता, तो पाण्यात असतानाच. ज्या माशाला टांगल्याशिवाय त्या धक्क्यावर फोटो होत नव्हता, त्याच्यासाठी हा नियम!

माणसांचं हसू का बदललं नाही, याचं उत्तर डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ सालीच एका छोट्या लेखात देऊन ठेवलं होतं. त्याचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे बघते तेच मूळचं, तेच पुरेपूर असं धरून चालते. पुढं त्यातलं कमी झालं की तिला हळहळ वाटते. पण पुढच्या पिढीचा आरंभच त्या कमी झालेल्यापासून होतो. असं करत करत, कुठलीही एक पिढी फार मोठं नुकसान न बघता, सगळं संपून जातं. आपले आजोबा ओढ्यात हातानं मासे धरल्याच्या गोष्टी सांगायचे आणि आपण त्या थोड्या कमी करून ऐकायचो ना? मी सुरुवातीला तेच म्हटलं होतं. आता वाटतं, त्या गोष्टी जरा पूर्ण ऐकायला हव्या होत्या.

गेल्या काही दशकांत हौशी मंडळींतच एक चांगला बदल झाला. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मासा जगला, आठवणही मिळाली. पण इथंही फोटो आडवा आला. कॅनडात १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ट्राउट माशांना गळाला लागल्यावर दमतात तसं दमवलं. त्यातले जे पाण्यातच राहिले, त्यांच्यापैकी बारा तासांनंतर ८८ टक्के जिवंत होते. ज्यांना दमवून वर ३० सेकंद हवेत धरलं, त्यांच्यापैकी ६२ टक्के. आणि ज्यांना एक मिनिट धरलं, त्यांच्यापैकी फक्त २८ टक्के. सगळ्या जातींना हाच हिशेब लागू होतो असं नाही. पण एक मिनिट म्हणजे काय, तर 'जरा इकडं बघ, अजून एक काढतो' एवढाच वेळ.

पकडून, फोटो काढून सोडण्याची ही पद्धत आपल्या देशातही होती. दक्षिणेत कावेरी नदीवर महासीर माशासाठी जगभरातून लोक यायचे. महासीरचा लौकिक जुना. हेन्री सलिव्हन टॉमस या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, त्यात महासीरला मानाचं पान आहे. म्हैसूरचे व्हॅन इंगेन हे वाघ-बिबट्यांच्या देहांत पेंढा भरून देणारं प्रसिद्ध घराणं. त्यांच्यातल्या एकानं १९४६ साली कावेरीची उपनदी कबिनी इथं १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महासीर पकडला.

कावेरीतला हा महासीर नेहमीच्या महासीरपेक्षा वेगळा. डोक्यामागं पाठीला उंचवटा, जणू कुबड, आणि पर नारिंगी. कुबड तर काळ्यापांढऱ्या फोटोतही लपत नाही. कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या मासेमारी शिबिरात १९९८ ते २०१२ पर्यंत पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महासीर माशांची टिपणं होती. एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली तेव्हा असं दिसलं की, मासे एकूण वाढले, पण कुबडवाला महासीर कमी कमी होत गेला आणि त्याची जागा निळ्या परांच्या महासीरनं घेतली.

आणि हा निळ्या परांचा मासा कुठला? आपल्याकडचा. कर्नल सायक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं 'खुदरी', तेही इथल्या बोलीतलं. धरणांमुळे महासीर कमी होतो आहे हे पाहून टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात लोणावळ्याला त्याची पैदास सुरू केली. हे काम मोठ्या कळकळीनं झालं आणि त्याचं कौतुकही झालं. तिथली पिल्लं निरनिराळ्या राज्यांत नदी-तलावांत सोडण्यासाठी गेली, तशी कर्नाटकातही गेली. कावेरीत ती रुजली, फोफावली. हेतू वाईट कुणाचाच नव्हता. महासीर तो महासीर, एवढंच तेव्हा सगळे धरून चालले.

कुबडवाल्या महासीरची दुसरी अडचण आणखी विचित्र होती. त्याला धड शास्त्रीय नावच नव्हतं. दीडशे वर्षं लोक त्याला ओळखत होते, त्याच्यासाठी समुद्र ओलांडून येत होते, त्याच्यासोबत फोटो काढत होते. फोटो भरपूर होते. पण नाव निश्चित करायला लागतो तसा, जपून ठेवलेला नमुना शास्त्रज्ञांच्या हाती नव्हता. नाव नाही म्हणून संकटात असलेल्या जातींच्या यादीत जागा नाही, आणि यादीत नाही म्हणून संरक्षणाचा विचार नाही. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत शेवटी तो पुन्हा सापडला. केरळच्या बाजूच्या पांबार नदीतून पूर्वी वर्णन झालेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, हे २०१८ साली सिद्ध झालं. हे काम करणाऱ्या गटात पिंडर, राजीव राघवन यांच्याबरोबर पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

माशाची ओळख पटवताना काढतात तो फोटोही ठरावीक मांडणीचाच असतो. मासा आडवा, पर पसरून ठेवलेले, डोकं डाव्या बाजूला, खाली मोजपट्टी. शेजारी माणूस नसतो.